चौथा वाटा

आमच्या घरात दूध उतू गेलं की आजी म्हणायची, "गेलं, टोबरूक पडलं!" घुशीनं कणगीला भोक पाडलं, टोबरूक पडलं. शेजारची म्हैस दावं तोडून आमच्या वैरणीत शिरली, टोबरूक पडलं. टोबरूक हे उत्तर आफ्रिकेतलं, लिबियातलं एक बंदर आहे, हे आम्हाला सहावीत नकाशावर बोट फिरवताना सापडलं. तोवर आमची पक्की समजूत अशी, की ते आजीच्या माहेरचं एखादं जुनं घर असावं आणि दर पावसाळ्यात त्याची एकेक भिंत पडत असावी.

खटाव-माणकडच्या लोकांना हे फार फोडून सांगायला नको. पाऊस रुसलेला मुलूख. मिसरूड फुटलं की पोरगं बेळगावला जाऊन छाती मोजून घ्यायचं, मनीऑर्डर सुरू झाली की घरावर कौलं चढायची. आमच्या आळीत आठ घरं. पाच घरांच्या भिंतीवर पलटणीतला फोटो, चार घरांत पत्र्याची हिरवी ट्रंक, आणि तीन घरांत असा एकेक म्हातारा, की ताटात भाताचं शीत राहिलं तर बोलायचा नाही, नुसता बघायचा. तुमच्याही घरात असेल एखादा. ते बघणं आठवत असेल.

आमचे आबा त्यातले. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या पलटणीत होते. त्या पलटणीला 'काळी पाचवी' म्हणत. २० जून १९४२ च्या सकाळी जर्मन विमानांनी टोबरूकच्या आग्नेय कोपऱ्यावर बाँब ओतले आणि मागून रणगाडे आत घुसले. त्या कोपऱ्यात हीच पलटण होती. दुसऱ्या दिवशी टोबरूक पडलं. तेहतीस हजारांच्या आसपास माणसं कैदी झाली. गोरे, काळे, गुरखे, मराठे, सगळे एका वाळूत बसवले. आबांची गोष्ट इथपर्यंत दोन वाक्यांत यायची. लढाई आम्ही त्यांच्याकडून कधी ऐकलीच नाही. त्यांची गोष्ट सुरू व्हायची ती पावापासून.

एक पाव आणि खाणारे चार. आबा, कोकणातले आजोबा, मिरजेकडचे चाचा आणि 'धाकटा'. धाकटा म्हणजे पलटणीत सगळ्यांत नंतर भरती झालेला. पुढं त्याचे केस पिकले, दात गेले, नातवंडं झाली, तरी तो धाकटाच राहिला. तर पाव एक, चाकू नाही, म्हणून पत्र्याच्या तुकड्याला दगडावर धार लावलेली. काडीला दोन्हीकडं दोरा बांधून तराजू. आणि कायदा एकच: कापणाऱ्यानं शेवटी घ्यायचं. बाकीचे तिघं आधी उचलणार, उरेल तो कापणाऱ्याचा. म्हणजे कापणारा जीव ओतून कापतो. आबा म्हणायचे, "सोनाराला असं कापता येनार न्हाई."

तो कायदा आमच्या घरात जसाच्या तसा आला. कलिंगड असो, गुळाची ढेप असो, दिवाळीतला अनारसा असो, ज्यानं कापलं त्यानं शेवटी घ्यायचं. फुटलेल्या पाटीच्या पेन्सिलीलाही हाच कायदा. आम्ही सात नातवंडं; कापायची वेळ आली की एकदम सातजणांना लघवीला लागायची.

कायद्याबरोबर काही वस्तूही आल्या. पहिला मगा. परदेशी दूध-पावडरच्या डब्याला पत्र्याचा कान ठोकलेला, काठ दुमडून ओठाला लागणार नाही असा केलेला. आबांनी तो इटलीतल्या कैदेत बनवला आणि कमरेला बांधून घरी आणला. आमच्या घरात शेर होता, मापटं होतं, चिपटं होतं, पण तांदूळ मोजायचा तो मग्यानंच. "दोन मगं टाक," म्हटलं की किती माणसं जेवायला आहेत ते कळायचं. बुडाला दोनदा गळती लागली. एकदा आबांनी स्वतः डाग दिला, एकदा कल्हईवाल्यानं. कल्हईवाला म्हणाला, नवा घ्या, चार आण्यात येईल. आबांनी त्याला चहा पाजला आणि तोच डबा पुन्हा पुढं सरकवला.

दुसरी शेगडी. डालडाच्या डब्याची. डब्याला एका अंगाला नळी, नळीच्या टोकाला पत्र्याचा पंखा, पंख्याला दोरी आणि दोरीला फिरवायची मूठ. मूठ फिरवली की वारा थेट निखाऱ्यात. मूठभर काटक्यांवर तांब्याभर चहा. कॅम्पात सरपण नसायचं म्हणून कैद्यांनी काढलेली ही युक्ती. आबांनी ती अंगणात मांडली की आळीतली पोरं मूठ फिरवायला रांग लावत. आजी मात्र चुलीपुढून हलायची नाही. "चुलीला काय धाड भरलीया?" एवढंच तिचं मत.

सुतळी कधी तोडायची नाही, गाठ सोडवायची. सोडवलेली सुतळी गोळ्यावर गुंडाळायची. तो गोळा कोनाड्यात असायचा, नारळाएवढा. कॅम्पात येणाऱ्या पार्सलांच्या दोऱ्यांनी ही सवय लावली. रेडक्रॉसकडून येणारी ती पार्सलं. हिंदी कैद्यांसाठी लंडनमध्ये 'इंडियन कम्फर्ट्स फंड' ही संस्था वेगळी भरायची, त्यात आटा, डाळ, करी पावडर, साखर, चहा. "डाळ बघितली आन् कोकन्या रडला," असं आबा सांगायचे. कोकणातले आजोबा लगेच म्हणायचे, "मी न्हाय रडलो. चूल पेटवीत होतो, धूर गेला." तीस वर्षं हा धूर त्या दोघांत तसाच होता.

आणि गिनती. उन्हाळ्यात आम्ही सगळे अंगणात वाकळी टाकून झोपायचो. दिवा मालवायच्या आधी आबा हातात काठी घेऊन मोजायला निघायचे. एक, दोन, तीन. सातचे कधी आठ यायचे, शेजारचं पोर घुसलेलं असायचं. कधी सहा, कारण कुणीतरी वाकळीत तोंड खुपसून हसत असायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. इटालियन पहारेकरी सकाळ-संध्याकाळ असेच मोजायचे म्हणे, आणि कैदी मुद्दाम जागा बदलायचे. आबांना आम्ही फसवायचो तेव्हा ते रागवायचे नाहीत. त्यांना ते आवडत असावं, असं आता वाटतं.

घरातल्या बायकांचं टोबरूक वेगळं होतं. १९४२ च्या श्रावणात तार आली. मास्तरांनी वाचली: बेपत्ता. पणजीनं हंबरडा फोडला, आळीतल्या बायका जमल्या आणि त्यातली एक जाणती आजीच्या कपाळाकडं बघायला लागली. आजी तेव्हा विशीतही नव्हती. ती म्हणाली, "तार बेपत्ता म्हंती. मेला म्हनत न्हाई." आणि आत जाऊन कुंकवाचा करंडा कमरेच्या पिशवीत घातला. संक्रांत उलटून गेल्यावर छापील कार्ड आलं: जिवंत आहे, कैदेत आहे, खुशाल आहे. मधले ते महिने तिनं रोज कुंकू लावलं, आणि रोज कुणी ना कुणी ते बघून गेलं. ती एरवी भांडखोर नव्हती. पण त्या जाणत्या बाईच्या घरचं हळदीकुंकू तिनं मरेपर्यंत घेतलं नाही.

त्याच भाद्रपदाच्या तोंडाशी, ९ सप्टेंबर १९४२ ला, वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, नऊ माणसं गेली. आबांचे चुलतभाऊ, आमचे अण्णा, त्या मोर्चात होते. पुढं तेही पकडले गेले. एक पोरगा सरकारकडून लढला म्हणून आत, दुसरा सरकारशी लढला म्हणून आत. पणजी देवापुढं दोन वाती लावायची आणि म्हणायची, "कंचा देव कंच्या तुरुंगावर हाय, मला ठावं न्हाई. दोगं बी बघा."

इटलीत आबा आणि मंडळी आव्हेत्सानो गावच्या कॅम्पात होती, ९१ नंबरचा. तीनच जण, धाकटा तोवर त्यांच्यातून गेला होता, त्याचं पुढं सांगतो. डोंगरांनी वेढलेली जागा, थंडी अशी की आमच्याकडची थंडी म्हणजे चेष्टा. ८ सप्टेंबर १९४३ ला रेडिओवर इटलीनं हत्यार ठेवल्याचं जाहीर झालं. पहारेकरी पांगले. जर्मन येऊन ताबा घेणार हे दिसत होतं. ज्यांच्या पायात बळ होतं ते डोंगराला लागले. आबा आणि कोकणातले आजोबा निघाले. चाचांना ताप होता, ते म्हणाले, "माझ्या पायानं तुम्ही सापडाल." दोघांनी त्यांना आपल्या वाट्याची साखर दिली. चाचांनी दोन सिगारेटी दिल्या, उसन्या म्हणून. कॅम्पात सिगारेट म्हणजे नाणं. ते उसनं पुढं प्रत्येक भेटीत निघायचं.

पहिल्या रात्री एका शेतकऱ्याच्या दारात दोघं उभे राहिले. घसा कोरडा. कोकणातले आजोबा म्हणाले, "पाणी." बाई आत गेली आणि पाव घेऊन आली. हे पुन्हा म्हणाले, "पाणी, पाणी." तिनं आणखी एक पाव आणला. तिच्या भाषेत पावाला 'पाने' म्हणतात. तिला वाटलं, माणूस फारच भुकेला आहे. तिसऱ्यांदा मात्र हे हातानं घटाघट पिऊन दाखवायला लागले तेव्हा ती हसली आणि वाइनचा कुंजा घेऊन आली. "पानी काय शेवटपातुर मिळालं न्हाई," आबा सांगायचे. गोष्ट इतक्यांदा ऐकलेली, की तिसऱ्या पावाशी आम्हीच आधी हसायचो.

त्या बाईला तिची पोरं माम्मा म्हणत. "बाईला मामा म्हनत्यात!" याचं आबांना शेवटपर्यंत नवल. मामीनं नव्हे, मामानं जेवायला घातलं. मक्याच्या पिठाची घाट्यासारखी पोलेंता, लाकडी पाटावर पसरून, सगळे चहूबाजूंनी खाणार. कापणं नाही, वाटणं नाही. जो तो आपल्या अंगानं खात मध्यावर येतो. आबांना हे बेशिस्त वाटलं. आसरा देणाऱ्याला जर्मन गोळी घालत आणि कैदी पकडून देणाऱ्याला बक्षीस मिळे. मामाला हे ठाऊक होतं. तिनं दोघांना मेंढवाड्यात झोपवलं.

मेंढ्या बघून आबांना घर आठवलं. अब्रुत्झोचे मेंढपाळ थंडी पडायच्या आत कळप घेऊन डोंगरावरून खाली पुलियाच्या सपाटीला उतरत, उन्हाळ्यात परत चढत. आपल्या माणदेशातले धनगर चाऱ्याच्या शोधात वाडा घेऊन निघतात तसंच. आबांना मेंढरू राखता येत होतं, हाळी घालता येत होती. खांद्यावर घोंगड्यासारखं काहीतरी टाकून काठी टेकून उभे राहिले की लांबून कुणाला ओळखू येत नसत. मायेल्ला डोंगर ओलांडून ते खाली सांग्रो नदीकडं निघाले, कारण इंग्रजांची आठवी आर्मी तिथवर आल्याची बातमी मेंढपाळांत होती. आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये मराठ्यांचीच पहिली पलटण होती. काळोखात कुणीतरी दरडावलं. आबा चिखलात पाय घसरून पडले आणि आपसूक तोंडातून जी शिवी गेली ती आमच्या तालुक्याबाहेर कुणी देत नाही. पलीकडून उत्तर आलं, "कंचा गाव रं तुजा?" शिवी कोणती, हे आम्हाला कधी सांगितलं नाही. धाकट्या चुलत्याला ठाऊक आहे म्हणतात.

चाचांना जर्मनांनी नेलं. फिरत फिरत ते फ्रान्समधल्या एपिनालच्या कॅम्पात पोहोचले. तिथं हिंदी कैदीच होते. ११ मे १९४४ ला अमेरिकन विमानांचे बाँब त्या कॅम्पावरच पडले. कैद्यांतली माणसं मेली आणि भिंतीही पडल्या. चाचा पडक्या भिंतीतून निघाले ते चालत स्वित्झर्लंडात. त्या वेळी पाचशेच्या आसपास हिंदी कैदी असे सरहद्द ओलांडून गेले. चाचांना तिथलं काय आठवायचं? गाईच्या गळ्यातली घंटा. "एवढी मोठी," आणि हाताचा आकार दर वर्षी वाढत जायचा.

आता धाकट्याचं. तो सुभाषबाबूंकडं गेला. जर्मनीत नेताजींनी हिंदी कैद्यांतून फौज उभी केली, त्यात. इकडं हे तिघं मिठाला जागायचं म्हणून तारेआड राहिले, तिकडं तो नवा गणवेश चढवून नेताजींना सलाम ठोकून आला. लढाई संपली. तिघांना साठलेला पगार मिळाला, आबांनी त्यात बैलजोडी घेतली. पुढं पेन्शन लागली. धाकट्याचं नाव पलटणीतून कापलं. पगार नाही, पेन्शन नाही. कराडच्या पेठेत पोती शिवत बसला.

दर महिन्याला पेन्शन घेऊन आबा आले की पोस्टात जाऊन एक मनीऑर्डर करायचे. कोकणातून एक जायची, मिरजेकडून एक. तिन्ही कराडला. आजीनं एकदा विचारलं, "घरात त्याल न्हाई, आन् मनीऑर्डर कुनाला?" आबा म्हणाले, "ती आपली न्हाई. त्याचा वाटा हाय." आजीनं त्यानंतर विचारलं नाही, पण तेलाचं मात्र दर महिन्याला काढलं.

कोण बरोबर, कोण चूक, हा वाद आम्ही पोरांनी काढला, तोही शाळेतल्या धड्यामुळं. धड्यात नेताजी होते, आबा नव्हते. आबांना विचारलं तर म्हणाले, "धाकट्याला इचार." धाकट्याला विचारलं तर तो म्हणाला, "आबाला इचार." चाचांना विचारलं तर त्यांनी आम्हाला पान आणायला पिटाळलं.

चैत्रातल्या जत्रेला चौघं आमच्याकडं जमायचे. कोकणातले आजोबा कैरीची पाटी डोक्यावर घेऊन एस.टी.तून उतरायचे, चाचा पानाचा डबा आणि स्वतःचं भांडं घेऊन यायचे, ते भांडं आजी पहिल्याच दिवशी घासून उतरंडीला लावून टाकायची. बोलणं थोडं. चौघं ओट्यावर बसून शेतातलं वारं बघावं तसं समोर बघत. मधेच कुणी म्हणे, "दोन सिगारेटी राहिल्यात." कुणी म्हणे, "धूर न्हवता त्यो." पुन्हा गप्प. आमच्या आईच्या भाषेत, "हे एवढ्या लांबनं गप बसायला येत्यात."

जेवणाचा मात्र सोहळा. कापायचं काम धाकट्याचं, तो दुसऱ्या कुणाला हातच लावू द्यायचा नाही. आणि कापायचा मुद्दाम वाकडं: तीन वाटे मोठे, एक चिमुकला, म्हणजे शेवटी उरेल तो आपल्याला. बाकीच्या तिघांना हे पुरतं ठाऊक. म्हणून आबा आधी चिमुकल्यावर हात टाकायचे. धाकटा तो काढून घ्यायचा. चाचा म्हणायचे, कायद्यानं आम्ही आधी उचलणार, तू कोण? मग चिमुकला तुकडा चाचांच्या ताटात, तिथून कोकणात, तिथून परत कराडला. रस्सा गार व्हायचा. आजी दारात पदर खोचून उभी: "चौगांस्नी परत इटलीला पाठवा. तितं शिस्तीनं खात हुता."

१९७१ च्या डिसेंबरात ढाक्याला पाकिस्तानी फौजेनं शस्त्रं ठेवली. ९३ हजार कैदी, असं रेडिओवर सांगितलं आणि सगळी आळी नाचली. साखर वाटली. ओट्यावर आबा गप्प होते. रात्री त्यांनी मास्तरांना विचारलं, "त्यास्नी पार्सलं जात्यात का?" मास्तरांना प्रश्नच कळला नाही. पाकिस्तानचा याह्याखान तेव्हा घराघरांत शिवी होऊन बसला होता. आबा सांगायचे, तोही इटलीत कैदेत होता, आमच्याच वेळी. पुढं भारताचे लष्करप्रमुख झालेले कुमारमंगलमही तिथंच. आम्हाला थाप वाटायची. ती थाप नव्हती. १९६६ साली दोन्ही देशांच्या फौजांच्या शिरावर जी दोन माणसं बसली, ती दोघं इटलीच्या तारेआड अधिकाऱ्यांच्या कॅम्पात होती.

रावळपिंडीच्या कैदेतून भिंत फोडून निसटलेल्या आपल्या तीन वैमानिकांची हकिगत बाहेर आली, तेव्हा आळीत पेपर फाटेपर्यंत वाचला गेला. पुण्याचे दिलीप पारुळकर, त्यांच्याबरोबर गरेवाल आणि हरीश सिंहजी. ऑगस्ट १९७२ मधली एक रात्र. अफगाण सरहद्दीच्या तोंडाशी, लंडीकोतलला पकडले गेले. वाट विचारताना संशय आला, असं होतं. आबांनी पेपर खाली ठेवला. "वाट इचारायची न्हाई. भाकरी इचारायची," म्हणाले. त्या जत्रेला चौघांत पहिल्यांदाच भरपूर बोलणं झालं, सगळं त्या पोरांच्या काळजीचं. खरं तर पोरं १ डिसेंबरलाच वाघ्याहून सुखरूप घरी आली होती.

पुढं ओटा रिकामा होत गेला. आधी कोकण. मग चाचा, आबा मिरजेला गेले ते सिगारेटचं पाकीट घेऊन, आणि तसंच न फोडलेलं परत आणलं. मनीऑर्डर तिनाच्या दोन, दोनाची एक झाली. रक्कम मात्र कराडला पूर्वीइतकीच पोहोचायची. आजीच्या तेलावर ते भागायचं.

आबा गेल्यावर वर्षभरानं शेताची वाटणी निघाली. तीन भाऊ. तलाठी होता, गावातले चार शहाणे होते. वडील थोरले, म्हणून वाटे पाडायचं काम त्यांच्याकडं आलं. त्यांनी चार दिवस उन्हात दोरी धरून तीन तुकडे पाडले. मग दोन्ही चुलते ओट्यावर बसले, आणि धाकटा चुलता म्हणाला, "दादा, कायदा हाय. आमी आदी." एकानं विहिरीचा उचलला, एकानं ओढ्याकाठचा. वडिलांना माळ राहिला. त्यावर आज कुसळं उगवतात आणि तीन लिंबाची झाडं.

मगा कुणाच्याच वाटणीत लिहिला गेला नाही. तो धाकट्या चुलत्याकडं तांदळाच्या डब्यात असतो. काकू अजून म्हणते, "किती मगं टाकू?" जत्रेला आम्ही सगळी भावंडं जमतो तेव्हा धाकट्याचा नातू कराडहून येतो, स्वतःची मोटारसायकल घेऊन. मटण वाढायला तोच उठतो. आम्ही त्याला उठू देत नाही, तो आम्हाला उठू देत नाही, आणि आतून काकू ओरडते की रस्सा गार होतोय.